रांगण्याची तारीख

कुंभारी
१४ मे २०२३

प्रतिक्षा,

जय भीम. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फोन मधेच तोडता येतो. पत्र निदान लिहून तरी पुरं होतं.

काल बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. विहारात वंदना झाली, तुझ्या नावानंही मीच फुलं वाहिली. बाबांनी होटगीच्या रेल्वे लाइनीवर तीस वर्षं काढली, पण त्यांच्याबरोबरची दोनच माणसं आली होती. सगळे तुझी चौकशी करत होते. मस्कतहून लेक आली म्हणे, मग दिसत कशी नाही? मी सांगितलं, पुण्याला गेली आहे, जावयांकडे, दिपकरावांकडे.

तू प्रियूला घेऊन गेलीस त्याला सात आठवडे झाले. पावणेदोन वर्षांनी येणार म्हणून मी धपाटी करून ठेवली होती. तू बॅग दारातच टाकलीस आणि प्रियूला माझ्या कडेवरून घेऊन फरशीवर ठेवलंस. समोर बसून टाळी वाजवलीस. ती तुझ्याकडे कशी येते ते बघत राहिलीस. ती आली नाही. डावीकडे कलंडली आणि माझ्याकडे उजवा हात करून रडायला लागली. दहा मिनिटंही झाली नसतील. तू म्हणालीस, "आई, तू मला एवढे दिवस काय सांगत होतीस?" त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. ताटाला हात लावला नाहीस.

मी जे सांगितलं ते आपल्या मनानं सांगितलं नाही. सव्वीस वर्षं अंगणवाडीत काढली आहेत मी. काही मुलं रांगतच नाहीत, बसल्या बसल्या घसरत जातात आणि एक दिवस उभी राहतात. काही दीड वर्षाची होईपर्यंत भिंत सोडत नाहीत. तू नर्स आहेस, तुला हे मी सांगायला नको.

नात नवसाची असल्यासारखी सांभाळली मी. पाच महिन्यांची दिलीस, दोन वर्षांची नेलीस, तिला कधी ओरखडा उठू दिला नाही. कडेवरून खाली ठेवलं नाही, हे कुंभारीत कुणालाही विचार.

तिला पेज फार गरम देऊ नकोस. मुगाची डाळ घातली तर खाते.

आई


९ ऑगस्ट २०२३

प्रतिक्षा,

दिपकरावांचा फोन आला होता. तू करू नका म्हणाली असशील, तरी त्यांनी केला. एमआरआयचं सांगितलं. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा आहे आणि ती जन्माच्या वेळची आहे. म्हणून डावा हात आणि डावा पाय कडक.

तुला राग येईल, पण खरं लिहिते. हे ऐकून माझ्या छातीवरचा दगड उतरला. शिवबाई माझ्याकडे मदतनीस होऊन अठरा वर्षं झाली, घरच्यासारखीच आहे. तिला मी म्हटलं, बघ, जन्मापासूनचं निघालं, कुणाचा दोष नाही. ती खिचडीचं पातेलं घासत होती. घासतच राहिली.

मग दिपकराव म्हणाले की डॉक्टरांनी एक विचारलं, मूल एवढे दिवस होतं कुठं? पाचव्या-सहाव्या महिन्यात आणलं असतं तर तेव्हाच व्यायाम सुरू केले असते. त्या वयात मेंदू नवी वाट काढतो, म्हणाले. मार लागलेली बाजू सोडून दुसऱ्या बाजूनं काम करायला शिकतो. पण त्याला हालचाल मिळावी लागते. दिपकराव माझ्यावर ढकलत नव्हते, त्यांचा आवाज साधा होता. मी सांगितलं, आमच्याकडे सगळं वेळच्या वेळी होत होतं, कार्डावर लिहिलेलं आहे.

तू त्यांना विचारायला लावलंस की वॉकरमध्ये किती वेळ ठेवायची. जास्त नाही. अंगणवाडीत आहार वाटायचा असतो, मुलांची वजनं करायची असतात, फोटो काढून मोबाइलमध्ये भरायचे असतात. तेवढ्यापुरतंच. दिपकरावांना विचार, ते महिन्यातून एकदा यायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

तू पण मला थोडं समजून घे की. बाबा गेलेले, घरात मी एकटी.

आई


२ ऑक्टोबर २०२३

प्रतिक्षा,

परवा दिपकरावांचा मेसेज आला. त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांना प्रियूचं लसीकरणाचं कार्ड दाखवलं. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे की आठव्या महिन्यात रांगली, तेराव्या महिन्यात चालली. डॉक्टर म्हणाले, चालणारं मूल चालायचं थांबलं असेल तर हा नुसता जन्माच्या वेळचा मार नव्हे, वाढत जाणारं काहीतरी असेल. मग पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासावं लागेल. दिपकरावांनी विचारलं होतं, "आई, कार्ड खरं आहे का?"

मी लगेच फोन लावला. म्हटलं, पोरीला सुई टोचू देऊ नका, कार्ड खोटं आहे. त्यांनी मला ते परत एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, खऱ्या तारखा लिहून पाठवा, सहीसकट.

तर लिहिते. हे डॉक्टरांना दाखव.

बाळ माझ्याकडे आलं १९ जून २०२१ ला. निघताना तू म्हणाली होतीस, "जन्मल्यावर उशिरा रडलीय ती. हातपाय बघत राहा. तुझ्याइतकं कुणाला कळणार?" हे तुला आठवत असेल. मला रोज आठवतं.

जुलैत मला दिसलं की डावी मूठ उघडत नाही, अंगठा आत दाबलेला राहतो. अंघोळ घालताना मी एकेक बोट सोडवायची, साबण लावायची, की ती मूठ परत मिटायची. सातव्या महिन्यात डाव्या बाजूला खुळखुळा धरला तरी ती उजवाच हात आणायची. एवढ्या लहान मुलाला डावं-उजवं नसतं. वर्षाच्या आत मूल एकाच हातानं सगळं करायला लागलं तर दवाखान्यात दाखवा, असं अंगणवाडीतल्या तक्त्यावर लिहिलेलं आहे. तो तक्ता माझ्या खुर्चीमागं टांगलेला आहे. दर महिन्याला मी तो आयांना वाचून दाखवते.

सप्टेंबरात शिवबाई म्हणाली, "बाई, लेकराचा डावा हात झोपल्यावाणी हाय. सोलापूरला दावून आणा की." मी तिला म्हटलं, तुला यातलं काय कळतं? तिनं पुन्हा विषय काढला नाही.

अकराव्या महिन्यात उशी लावून बसायला लागली. उशीशिवाय बसली ती पंधराव्या महिन्यात, एप्रिल २०२२. रांगली नाही. डॉक्टरांना हे नीट सांग, ती कधीच रांगली नाही. दहाव्या महिन्यात मी तिला चटईवर पालथं ठेवलं होतं. उजव्या कोपरावर जोर देऊन तिनं अंग ओढलं, डावा पाय मागं ताठ. हातभर सरकली. कपाळावर घाम आला आणि ती रडायला लागली, म्हणून मी उचललं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी ठेवलंच नाही.

मग वॉकर आणला. त्यात ती उभी दिसायची. आलंगेलं माणूस म्हणायचं, बाई, नात चालायला लागली की. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत वॉकरमध्ये, मग झोळीत, मग संध्याकाळभर माझ्या कडेवर. मागच्या पत्रात जास्त नाही असं लिहिलं होतं, ते खोटं. समोर मोबाइलवर गाणी लावून द्यायची. गप्प राहायची बिचारी.

दिपकरावांनी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी हसले आणि सांगितलं, मुली अंगानं जड असतात, होईल. पुढं ते आले की ती वॉकरमध्ये उभी असायची, आणि मी म्हणायची, एरवी चालते, तुमच्यासमोर बुजते. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

आणि तो व्हिडिओ. तू म्हणालीस, चालतेय तर दाखव. मी शिवबाईच्या हातात मोबाइल दिला. प्रियूला लांब फ्रॉक घातला. मागं बसून फ्रॉकच्या आतून तिची कंबर धरली आणि तिला चार पावलं पुढं सरकवलं. शिवबाईला बजावलं, माझे हात त्यात येऊ देऊ नकोस. तू तो तिकडं वॉर्डातल्या सगळ्या नर्सेसना दाखवलास. फोनवर रडलीस. म्हणालीस, "आई, तू आहेस म्हणून."

असं का केलं? तू नोकरी अर्धवट टाकून आली असतीस. आणि अंगणवाडीवालीच्याच घरात असं मूल निघालं, हे मला गावाला दाखवायचं नव्हतं. आधी वाटलं, महिन्याभरात होईल ठीक. मग कार्डावर एक खोटं लिहिलं, ते झाकायला दुसरं. याच्यापेक्षा वेगळं कारण माझ्याजवळ नाही.

वर लिहिलेली माहिती खरी आहे.

चांगुणा धर्मपाल बनसोडे
अंगणवाडी सेविका


२६ फेब्रुवारी २०२४

प्रतिक्षा,

ऑक्टोबरच्या पत्राला तुझं उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. शिव्या तरी येतील असं वाटलं होतं. दिपकरावांनी एवढं कळवलं की ती पाठीतली तपासणी टळली.

गेल्या आठवड्यात सोलापूरला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय होता बाळाची हालचाल आणि मेंदू. शिकवणाऱ्या मॅडम तुझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी सांगितलं, मूल पोटावर सरकतं, वस्तूकडे हात नेतं, पडतं आणि पुन्हा उठतं, त्या प्रत्येक वेळी मेंदूत वाट पडत असते. जी वाट वापरात राहते ती पक्की होते, बाकीच्या बुजतात. रांगताना उजवा हात आणि डावा गुडघा बरोबर पुढं जातात, मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकमेकींचं ऐकावं लागतं. लांबचा चेंडू बघत बघत मूल त्याच्यापर्यंत जातं, त्यातून त्याला जवळ आणि लांब कळतं, आत आणि बाहेर कळतं, आधी काय आणि नंतर काय ते कळतं. पुढं अक्षरं आणि आकडे शिकायचे ते याच्याच जोरावर. पहिल्या दोन वर्षांत हे सगळ्यात वेगानं होतं.

मग म्हणाल्या, सगळ्यात जुन्या सेविकेनं करून दाखवावं. सगळ्यांनी मलाच पुढं केलं. मी सतरंजीवर बसले, बाहुली पालथी घातली, छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, समोर रंगीत वाटी धरली. बाळ रडलं तरी लगेच उचलू नका, आवाज द्या, थोडं जमू द्या, असं सगळं तोंडपाठ सांगितलं. साठ बायका होत्या. टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, जन्मतः मार लागलेल्या मुलाला पहिली दोन वर्षं हलूच दिलं नाही तर? त्या म्हणाल्या, "त्याला तर इतरांपेक्षा जास्त हालचाल लागते. किती नुकसान झालं हे कुणी सांगू शकणार नाही. वेळेवर केलं असतं तरी सगळं आलंच असतं असं नाही. पण काहीतरी आलं असतं." मी नंतर जेवले नाही. ते काहीतरी म्हणजे किती, याचाच विचार करत असते मी. बोटं उघडली असती का? चार शब्द जास्त आले असते का? यातलं कुणाला विचारायची सोय नाही.

सुपरवायझर मॅडमना जाऊन मी सांगितलं की माझ्या नातीच्या नोंदी मी खोट्या केल्या होत्या, लिहून घ्या आणि काय व्हायची ती कारवाई होऊ दे. त्या म्हणाल्या, "बनसोडेबाई, तुमची निवृत्ती जवळ आली. ते मूल आता आपल्या यादीतही नाही. कशाला उकरून काढता?" मी दोनदा म्हटलं, लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं नाही. उलट मार्चमध्ये महिला दिनाला माझा सत्कार ठरवला आहे.

हल्ली मी घरोघरी जाऊन सांगते, वॉकर काढून टाका, पोराला जमिनीवर सोडा. बाया ऐकून घेतात. पण विड्या वळायला बसलं की सूप मांडीवर, तंबाखू अवतीभोवती, मूल मोकळं सोडायचं कुठं? झोळीतच घालतात. त्यांच्याजवळ दुसरा इलाज नाही. माझ्याजवळ होता.

दिपकराव सांगत होते, प्रियूच्या चांगल्या हातावर रोज दोन तास मोजा बांधतात, म्हणजे तिला डाव्या हातानं काम करावं लागेल. ती फार ओरडते. तू बांधतेस आणि दाराबाहेर जाऊन उभी राहतेस, म्हणाले. हे सगळं ती सहा महिन्यांची असताना खेळता खेळता झालं असतं.

मला पुण्याला येऊ दे असं मी लिहिणार होते. लिहीत नाही.

आई


१९ जुलै २०२५

प्रतिक्षा,

बुधवारी दिपकराव सोलापूरला येऊन गेले ते तुला माहीत आहे. तिथं काय झालं ते त्यांनी सांगितलं असेल किंवा नसेलही, म्हणून मी लिहिते.

प्रियूच्या आधारवर कुंभारीचा पत्ता आहे, म्हणून अपंगत्वाचा दाखला इथूनच काढायचा ठरला. तिला माझ्या घरी न्यायचं नाही असं तू बजावलं होतंस. त्यांनी तुझा शब्द मोडला नाही. सरकारी दवाखान्यात पोचल्यावर मला फोन केला, "आई, यायचं असेल तर इथंच या."

मी गेले तेव्हा ती बाकावर बसली होती. साडेचार वर्षांची झाली, उंच झाली आहे, नाक बाबांसारखं आलंय. डाव्या पायात पट्ट्यांचा बूट. मी जवळ बसले तर तिनं मान वर केली नाही. दिपकराव म्हणाले, "प्रियू, आजी." ती खिडकीकडेच बघत होती. शाळेचं त्यांनी सांगितलं. चार महिन्यांत बाई म्हणाल्या की घरीच ठेवा. ताठ बसायलाच तिला इतका जोर लावावा लागतो की फळ्यावर काय चाललंय तिकडं लक्ष उरत नाही. वर आणि खाली यातला फरक अजून कळत नाही. शब्द आठ-दहा येतात.

आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, मूल कधी बसलं? दिपकरावांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पंधराव्या महिन्यात. रांगलं कधी? रांगलं नाही. घरी कोण सांभाळायचं? मी. त्यांनी लिहून घेतलं. माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांच्यासमोर त्या दिवशी तशी तीस मुलं होती.

मग म्हणाले, हिला दारापर्यंत चालवा. ती निघाली. डावी टाच उचललेली, हात छातीशी दुमडलेला. मधेच पडली. मी खुर्चीवरून उठले होते, दिपकरावांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "थांबा." ती आधी उजव्या कुशीवर वळली, गुडघा घेतला, स्टुलाचा पाय धरला आणि उभी राहिली. फार वेळ लागला. पुढं दारापर्यंत गेली. डॉक्टर म्हणाले, शाब्बास, आता परत ये. ती दाराकडे तोंड करून उभीच राहिली. दोनदा हाक मारली. शेवटी दिपकरावांनी जाऊन तिला खांद्याला धरून वळवलं. डॉक्टरांनी कागदावर पासष्ट टक्के लिहिलं.

बाहेर बाकावर दिपकराव फाइल लावत होते. त्यात मला माझं ऑक्टोबरचं पत्र दिसलं, भोकं पाडून बाकीच्या कागदांत अडकवलेलं.  ते म्हणाले, "तेवढंच उघडलंय तिनं. बाकीची कपाटात आहेत. फाडत नाही, पण उघडतही नाही, आई."

म्हणजे हेही तू उघडणार नाहीस. म्हणूनच ऑक्टोबरच्या पत्रात जे लिहिता आलं नाही ते आता लिहिते.

याच्यापेक्षा वेगळं कारण नाही असं मी लिहिलं. वेगळं कारण होतं. बाबा गेल्यावर त्या घरात सकाळी कुणाचा आवाज नसायचा. मी चहा दोन कप करायची आणि एक ओतून द्यायची. मग तू प्रियूला ठेवून गेलीस. ती दिवसभर माझ्या अंगावर असायची. पाणी आणायला गेले तरी कडेवर. तिला माझ्याशिवाय कुठं जाता येत नव्हतं, आणि मला ते बरं वाटत होतं. तिचं काहीतरी चुकतंय हे मला दिसत होतं, आणि तरी बरं वाटत होतं.

दहाव्या महिन्यात चटईवर ठेवलं तेव्हा ती रडली म्हणून उचललं, असं मी सहीनिशी लिहून दिलं. ती रडली नव्हती. घाम आला होता, दम लागला होता, पण ती दाराकडे बघत सरकत होती. बाहेर शिवबाईच्या कोंबड्या होत्या. हातभर गेली होती, अजून गेली असती. मी उचललं, आणि मग ती रडली. दुसऱ्या दिवशीही तसंच. माझ्या हातातून खाली जायला बघत होती. तिसऱ्या दिवशी मी तिला चटई दाखवलीच नाही.

हे डॉक्टरांच्या काही कामाचं नाही. त्यानं टक्के कमी-जास्त होणार नाहीत.

त्यांची गाडी तीनची होती. दिपकरावांनी तिला उचलून घेतलं नाही, बोट धरून चालवत नेलं. तसं तुझं सांगणं आहे म्हणाले. दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायला त्यांना पाव तास लागला. मी बाकावरून बघत होते. चालता चालता मागं वळून बघणं तिला जमत नाही, तोल जातो, हे दिपकरावांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. तरी मी ती दिसेनाशी होईपर्यंत तिथंच बसून होते.

आई